एकदाच भरायचे ना?

प्रिय ताई,

मी अठ्ठावीस वर्षांची. गाव विटा, नोकरी पुण्यात. एमबीए झाल्यावर एका खाजगी बँकेत लागले, त्याला आता चार वर्षं दोन महिने झाले. शाखेत रिलेशनशिप मॅनेजर आहे. पगार वेळेवर होतो, मेडिक्लेम आहे, बरोबरची मुलं-मुली चांगली आहेत. धाकट्या भावाची फी माझ्या पगारातून जाते. वडील गावात अभिमानाने सांगतात, 'पोरगी बँकेत आहे.' पण सकाळच्या हडलपासून, म्हणजे शाखेतल्या मीटिंगपासून, रात्री नऊच्या कॉन्कॉलपर्यंत कानावर एकच प्रश्न पडतो, 'आज किती?' जानेवारी ते मार्च तर रविवारही आमचे नसतात.

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या इमारतीतले एक निवृत्त शिक्षक पाच लाखांची एफडी रिन्यू करायला आले. मॅनेजरनी त्यांना केबिनमध्ये बसवलं आणि मला विम्याचा फॉर्म भरायला सांगितला. वर्षाला एक लाख, सात वर्षं. सही करताना सरांनी माझ्याकडे बघून विचारलं, 'एकदाच भरायचे ना?' मॅनेजर म्हणाले, 'हो सर, काळजी नको.' मी गप्प राहिले. त्या दिवशी माझं महिन्याचं टार्गेट पूर्ण झालं, ग्रुपवर माझं अभिनंदन झालं. तेव्हापासून नीट झोप नाही.

मामा म्हणतात, गावच्या पतसंस्थेत जागा आहे, ये. वडील म्हणतात, बँकेतली नोकरी कुणी सोडतं का? मैत्रिणी म्हणतात, फायनान्स कंपन्या सगळ्या सारख्याच. मी काय करू?

— नाव छापू नका


प्रिय मुली,

नोकरीचं नंतर बघू. सरांच्या पॉलिसीचं काम आधी, कारण त्याला मुदत आहे.

विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. याला फ्री-लूकची मुदत म्हणतात. पूर्वी ती साधारण १५ दिवसांची होती. विमा नियामकाने २०२४मध्ये सगळ्यांसाठी ३० दिवसांची केली. तेवढ्या दिवसांचा जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी पैसे परत मिळतात. मुदत उलटली की हेच सर पुढच्या वर्षी दुसरा लाख भरायला येतील किंवा भरू शकणार नाहीत, आणि मग पहिल्या लाखातलं किती हाती येईल ते पॉलिसीच्या तक्त्यावर ठरेल. एफडी मोडणारा माणूस व्याजातलं थोडं गमावतो, पण पहिल्याच वर्षी पॉलिसी सोडणारा मुद्दलातलंच गमावतो. निवृत्त माणसाला हा फरक किती जाचतो ते तुला ठाऊक आहे, म्हणून तर झोप उडाली आहे.

तेव्हा या आठवड्यातच त्यांच्या घरी जा. काउंटरवर नको, फोनवरही नको. सरळ सांग: 'सर, हे सात वर्षं भरायचे आहेत. तेव्हा मी बोलायला हवं होतं. तुम्हाला नको असेल तर परत करता येतं, अर्ज असा लिहायचा.' अर्ज त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहावा, तू लिहून देऊ नकोस. तो शाखेत न देता विमा कंपनीच्या कार्यालयात नेऊन द्यावा, प्रतीवर पोच घ्यावी, तारखेसकट. कंपनीच्या ईमेलवरही पाठवावा. टाळाटाळ झाली तर 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार आहे आणि पुण्यातच विमा लोकपालांचं कार्यालय आहे. आणि एक, पॉलिसीसाठी कंपनीकडून जो पडताळणीचा फोन येतो, त्यात 'सगळ्याला हो म्हणा' असं गिऱ्हाइकाला बऱ्याचदा शाखेतूनच पढवलं जातं. तो फोन अजून यायचा असेल तर सरांनी त्यात खरं तेच सांगावं.

पॉलिसी रद्द झाली की तुझा आकडा खाली येईल आणि मॅनेजर चिडतील. ते सोस. गिऱ्हाइकाला त्याचा हक्क सांगणं हे बँकेच्या विरुद्ध काम नव्हे. नियामकाने तो हक्क त्याला दिलेला आहे आणि तुझ्या बँकेने तो मान्य केलेला आहे.

आता नोकरीकडे वळू. तुझ्या पत्रात दोन वेगवेगळी दुखणी एकमेकांत मिसळली आहेत. साडेनऊ ते नऊ, रविवार, कॉन्कॉल यांनी आलेला थकवा हे एक. केबिनमध्ये गप्प राहिल्याची लाज हे दुसरं. थकव्याचा इलाज सुट्टीत, बदलीत, चांगल्या साहेबात सापडतो. लाजेचा तसा सापडत नाही, ती महिन्यागणिक साचत जाते. मग एक दिवस सरांसारखा माणूस समोर बसलेला असतो आणि आपल्याला काहीच वाटत नाही. तुला अजून वाटतंय, म्हणून आत्ताच हलायला हवं. पण हलायचं म्हणजे विट्यालाच जायचं, असं मात्र नाही.

मी बँकेत शाखा पाहिली, कर्जविभाग पाहिला, आणि नंतर राजीनामा दिलेल्या मुलांशी बोलण्याचं कामही बरंच केलं. जाणाऱ्यांना मी आधी विचारायची की इथलं काय आवडलं. उत्तरं बहुतेक वेळा सारखी यायची. पहिली यायची ती माणसं. एकाच काउंटरमागे मार्चअखेर काढलेल्या मुलांची मैत्री पुढे टिकते. एकमेकांच्या लग्नाला ती तालुक्याच्या गावांपर्यंत जातात. मग शिस्त. पाच रुपयांचा फरक सापडेपर्यंत घरी न जाण्याची सवय ज्याला लागली, तो पुढे कुठेही गेला तरी त्याच्या कामावर विश्वास ठेवता येतो. पगार पहिल्या तारखेला, पीएफ नियमित, आईवडिलांचा दवाखाना पॉलिसीत. ज्यांच्या घरी पूर्वी कुणाला पगाराची पावती मिळालेली नाही, त्यांना याचं मोल कळतं. तुझ्या भावाची फी त्यातूनच जाते. वडिलांचा अभिमान खोटा नाही, त्यांना तो बाळगू दे.

आणखी एक गोष्ट सांगायला मुलं लाजायची, पण थोडं बोलतं केलं की डोळे चमकायचे. पैसा कसा फिरतो ते आतून बघायला मिळतं, ही ती गोष्ट. भोसरीत पत्र्याचे सुटे भाग बनवणारा लहान कारखानदार घे. त्याच्या ऑर्डरी वाढताहेत, नफाही दिसतोय, तरी दर महिन्याला पगाराच्या वेळी त्याची ओढाताण होते, कारण मोठी कंपनी त्याचं बिल तीन-तीन महिन्यांनी देते. कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात, पण मोठं गिऱ्हाईक तुटेल या भीतीने तो तक्रार करत नाही. त्याचा ताळेबंद वाचून, स्टॉक मोजून, त्याच्याशी तासभर बोलून, त्याला नेमकी किती कॅश क्रेडिट, म्हणजे रोजच्या धंद्यासाठी लागेल तशी उचलायची कर्जमर्यादा, लागेल हे ठरवण्यात फार मोठं समाधान आहे. हे काम वित्तक्षेत्रातलंच आहे आणि बहुधा तुझ्याच बँकेत, वरच्या मजल्यावर चाललेलं आहे.

जाणाऱ्यांची नाराजी कशावर असायची? पगारावर कमी, इतकं नक्की सांगते. पगारासाठी जातो असं अर्जात लिहायचे, कारण ते लिहायला सोपं. बोलताना वेगळं निघायचं. सगळ्यांसमोर होणारा पाणउतारा हे पहिलं. जून २०२३मध्ये एका मोठ्या खाजगी बँकेच्या अधिकाऱ्याचा ऑनलाइन मीटिंगमधला व्हिडिओ देशभर फिरला. विम्याचा आणि खात्यांचा आकडा झाला नाही म्हणून तो हाताखालच्यांवर ओरडत होता. बँकेने त्याला निलंबित केलं. लोकांना धक्का बसला, पण शाखांमधल्या मुलांना बसला नाही. ते रोज ऐकत होते. दुसरं म्हणजे आकड्याला शेवट नसणं. मार्चला शंभर केलेस तर एप्रिलच्या एक तारखेला पाटी कोरी, आणि नवा आकडा सव्वाशे. तिसरं, ज्यासाठी घेतलं ते काम हाती न येणं. एमबीएत पोर्टफोलिओ शिकलेली मुलगी दिवसभर 'सर, एक चांगला प्लॅन आहे' असे फोन करते. आणि चौथं, जे शेवटी, आवाज उतरवून सांगितलं जायचं: जे विकतोय ते मी माझ्या आईला विकलं नसतं.

तू एकटी नाहीस हे कळावं म्हणून एक आकडा देते. रिझर्व्ह बँकेने २०२३-२४ सालच्या आपल्या अहवालात लिहिलं आहे की निवडक खाजगी बँका आणि स्मॉल फायनान्स बँकांमध्ये नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण साधारण २५ टक्के आहे. दर चार माणसांतला एक वर्षभरात निघून जातो, आणि रिझर्व्ह बँकेने त्याला बँकेच्या कामकाजाची जोखीम म्हटलं आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनीही बँकांना विम्याच्या चुकीच्या विक्रीबद्दल जाहीरपणे सुनावलं आणि मूळ बँकिंगकडे लक्ष द्यायला सांगितलं. म्हणजे वरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तरी सरांच्या फॉर्मवर सही झालीच. याचं कारण साधं आहे: शाखेतल्या माणसाची बढती, बोनस आणि बदली ज्या आकड्यावर ठरते, त्या आकड्यात 'गिऱ्हाईक समजून उमजून गेलं का' हा रकाना नसतो.

म्हणून मैत्रिणींचं 'सगळ्या सारख्याच' हे मला पटत नाही. कंपन्यांत फरक असतो, पण त्याहून मोठा फरक एकाच कंपनीतल्या दोन खुर्च्यांत असतो. तुझ्या बँकेत विक्रीवर बसलेली मुलगी आणि कर्जमंजुरीला बसलेली मुलगी यांना मालक एकच. पण एकीचा पगार किती विकलं यावर ठरतो, तर दुसरीला किती कर्ज बुडालं नाही याचा जाब द्यावा लागतो. दोघींना संध्याकाळी येणारे विचार वेगळे असतात. कुठल्याही कंपनीबद्दल चांगलं-वाईट ऐकलंस तर आधी विचार, बोलणारा कुठल्या खुर्चीवर बसला होता.

मामांच्या पतसंस्थेबद्दलही हेच. मी पतसंस्थांना कमी लेखत नाही. ज्या छोट्या दुकानदाराला बँक दारात उभं करत नव्हती, त्याला आपल्याकडे पतसंस्थेनेच भांडवल दिलं. घराजवळ नोकरी, आईच्या हातचं जेवण, पुण्यातलं भाडं वाचलं, गिऱ्हाईक नावाने ओळखीचं. पण तिथे काम केलेल्यांच्या तक्रारीही ऐक. पगार बँकेच्या निम्म्यावर येऊ शकतो. ठेवी आणायचं टार्गेट तिथेही असतं, फक्त त्याला टार्गेट म्हणत नाहीत; 'आपल्या नात्यातल्या ठेवी आणा' म्हणतात. वसुलीला जायचं ते वर्गमित्राच्या दारात. संचालकाचा फोन आला की कर्जाच्या फाइलीतली उणीव दिसूनही बोलता येत नाही, ही तक्रार मला सर्वांत वाईट वाटते. आणि बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत जे विमा संरक्षण आहे, ते पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. उद्या संस्था अडचणीत आली तर काउंटरवर तू असशील, समोर गावातली माणसं, आणि त्यांच्या ठेवी तुझ्या शब्दावर ठेवलेल्या. विक्रीची लाज सोडायला म्हणून जाशील आणि तीच लाज नातेवाइकांसमोर भोगशील.

तरी मामांना सरळ नाही म्हणू नकोस. संस्थेच्या मागच्या तीन वर्षांच्या अहवालाच्या प्रती मागव. वार्षिक सभेला वाटतात, त्यात गुप्त काही नाही. थकबाकीचं प्रमाण बघ, लेखापरीक्षणाचा वर्ग बघ, संचालकांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जं बघ. एमबीए केलं आहेस, तुला वाचता येईल. अहवाल चांगला निघाला, अध्यक्ष फाइलीत ढवळाढवळ करत नाहीत असं तीन वेगवेगळ्या माणसांकडून कळलं, आणि तुला खरोखर घरी परतायचं असेल, तर जरूर जा. पुण्याला कंटाळून मात्र जाऊ नकोस.

माझा कौल विचारशील तर: बँकेतच राहा, खुर्ची बदल. अंतर्गत जागांच्या जाहिराती, तुमच्या भाषेत आयजेपी, वेळोवेळी निघतात. चार वर्षं शाखेत काढलेल्या माणसाला क्रेडिटमध्ये, म्हणजे कर्जमंजुरीच्या विभागात, घ्यायला लोक उत्सुक असतात, कारण त्याला गिऱ्हाईक वाचता येतं. पुस्तक वाचून आलेल्या मुलाला गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर काय विचारायचं ते कळत नाही, तुला कळेल. त्यासाठी आयआयबीएफ या बँकिंगच्या संस्थेची, बँक कर्मचाऱ्यांसाठी असलेली जेएआयआयबी परीक्षा दे, चार पेपर आहेत, नोकरी करून होते. जिथे अर्ज करशील तिथल्या साहेबाला आधी जाऊन भेट, ईमेलवर विसंबू नकोस.

क्रेडिटमध्ये सगळं गोड आहे असं समजू नकोस. तिथे विक्रीवाल्यांचा फोन येतो, 'मॅडम, फाइल आजच करा, पार्टी दुसरीकडे चालली.' सही तुझी, कर्ज बुडालं तर चौकशीही तुझी. पण तिथे 'नाही' लिहिण्याचा अधिकार असतो आणि त्या 'नाही'ला कागदावर जागा असते. केबिनमध्ये तुझ्याकडे तेच नव्हतं.

ऑपरेशन्समध्ये मन शांत राहतं, मेकर-चेकरचं काम (एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासायची), चुका कमी, पण वाढ हळू. खराडीतल्या परदेशी बँकांच्या ऑफिसांत केवायसीच्या आणि संशयित व्यवहारांच्या तपासणीच्या जागा असतात. पाच दिवसांचा आठवडा, न्यायला-आणायला गाडी, टार्गेट गिऱ्हाइकाचं नाही. तिथली मुलं कंटाळतात ती शिफ्टला आणि एकसुरीपणाला: दिवसभर संगणकाने दिलेले त्याच त्या नावांचे इशारे तपासायचे, त्यातले बहुतेक निरुपद्रवी. तुला माणसांत राहायला आवडतं असं पत्रावरून वाटतं, म्हणून हा पर्याय मी दुसरा ठेवते.

बाहेर पडायचंच ठरलं तर तारखा नीट बघ. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सेवा लागते, तुझे दहा महिने राहिले आहेत. मूळ पगार २४,००० आणि महिना कामाच्या २६ दिवसांचा धरला तर दर वर्षाला १५ दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने पाच वर्षांचे निदान ६९,००० रुपये होतात. भावाच्या एका वर्षाच्या फीला हातभार लागेल एवढी ती रक्कम आहे. बोनस खात्यात येण्याआधी राजीनामा देऊ नकोस. नोटीस पिरियड किती ते नेमणूकपत्रात बघ. ९० दिवसांचा असेल तर नव्या कंपनीला तो आधीच सांग. पीएफ काढू नकोस, नव्या खात्यात वर्ग कर. सहा महिन्यांचा घरखर्च आणि भावाची फी बाजूला पडेपर्यंत रागात काही करायचं नाही. पण हे दहा महिने गप्प बसून काढायचे असा याचा अर्थ नाही. पुढच्या वेळी केबिनमध्ये बोलावलं तर गिऱ्हाइकासमोर तीन गोष्टी तूच मोठ्याने सांग: किती वर्षं भरायचे, मध्येच सोडलं तर काय मिळेल, आणि ही एफडी नव्हे. हे सांगितल्यावरही त्याने सही केली तर ती विक्री खरी. मॅनेजर रागावले तर त्या दिवशीच्या तारखेसह वहीत लिहून ठेव, आणि शिव्यांपर्यंत गेलं तर लेखी तक्रार कर, तोंडी नको.

वडिलांना हे सगळं सांग. त्यांना वाटतंय तू बँक सोडतेयस. 'बँकेतच राहतेय, विभाग बदलतेय' हे कळलं की निम्मा वाद मिटेल. आणि सरांच्या पॉलिसीचंही त्यांना सांग. ज्याने आयुष्यभर पैसा जपून वापरला, त्याला ती गोष्ट तुझ्या मैत्रिणींपेक्षा लवकर समजेल.

नव्या जागेसाठी मुलाखत देशील, मग ती बँकेतली असो, खराडीतली असो की विट्याची, तर शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' असं म्हणतील तेव्हा पगार विचारू नकोस, तो कागदावर येणारच असतो. हे विचार: 'मागच्या दोन वर्षांत या खुर्चीवर किती जण बसले आणि ते आता कुठे आहेत?' वर गेले, दुसऱ्या विभागात गेले असं नावानिशी सांगता आलं तर पुढचं बोल. समोरचा एचआरकडे बघायला लागला, तर आभार मानून ऊठ आणि दुसरीकडे अर्ज कर.

तुझी,
ताई